आधी घरचं माणूस

६ ऑक्टोबर

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पोचलो. सामान पोचलं, ही पोचली, तू दिलेली औषधांची पिशवी पोचली, आणि विमानात माझ्या मांडीवर सांडलेली कॉफीसुद्धा माझ्याबरोबर सुखरूप उतरली. चिरंजीव घ्यायला आले होते. वाळलेत, पण हिला वाटतात तेवढे नाहीत. घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, तेव्हा काळजी नको. खिडकीजवळची खुर्ची मी हिला देऊन टाकली आहे.

आमच्या स्वयंपाकघरातलं ते कॅलेंडर तुला माहीतच आहे. बारा महिने, बारा जगप्रसिद्ध वास्तू. वर्ष संपून अकरा वर्षं झाली तरी ही भिंतीवरून काढू देत नाही ते. तर ते हिनं गुंडाळी करून बॅगेतून आणलंय! त्यातल्या चार वास्तू इथून जाऊन येण्यासारख्या आहेत, असं चिरंजीवांनी शोधून काढलं. त्यामुळे आता या घरात कुठल्याही वास्तूला तिच्या नावानं कोणी ओळखत नाही. मार्च म्हणजे विजयाची कमान, जून म्हणजे मोठा घुमट, ऑगस्ट म्हणजे राजवाडा आणि नोव्हेंबर म्हणजे नदीवरचा दगडी पूल.

रविवारी मार्च बघायला गेलो. बघतो तर काय, कमानीला खालपासून वरपर्यंत परांची! वर हिरवी जाळी. दगडाचा एक तुकडा दिसेल तर शपथ. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती कमान घुंघट घेऊन उभी आहे म्हटल्यावर हिचा चेहरा काय झाला असेल, तूच बघ. आजूबाजूचे प्रवासीही कॅमेरे हातात धरून हळहळत होते. एकटा मी खूश. अक्का, चाळीस वर्षं बांबूच्या परांच्या बांधण्याचा धंदा केला, पण असलं काम बघितलं नव्हतं. सगळ्या लोखंडी नळ्या आणि नटबोल्ट, दोराची एक गाठ नाही. मी दोन तास कमानीभोवती फिरलो. फोटोत मी आणि माझ्यामागे नळ्या एवढंच आलंय. ही म्हणते, हा फोटो आपल्या गोदामाबाहेर काढला असता तरी चाललं असतं.

त्यांचा मुकादम आधी माझ्याकडे संशयानं बघत होता. मग मी मफलर खांबाला गुंडाळून आपली गाठ बांधून दाखवली, तेव्हा लेकाचा हसला आणि वर चल म्हणून खुणा करायला लागला. मी नको म्हटलं. वर बोट दाखवून, छातीवर हात ठेवून तुझी शपथ त्याला समजावून सांगितली. त्याला वाटलं, मी फार धार्मिक आहे. सांगायचा मुद्दा, सहा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या मजल्यावरून पडलो तेव्हा तू घातलेली शपथ, या घरातलं कोणी पुन्हा परांचीवर चढणार नाही ही, मी इतक्या लांब येऊनही पाळली आहे.

तुझी टिकली गोदामात बसून हजेरी नीट लिहिते ना? घड्याळाच्या मनोऱ्याचं काम मुकादम बघतील, तिनं वह्या सांभाळाव्यात.

लोभ आहेच; टपालाला आठ दिवस लागतात म्हणून तो शिळा समजू नये.

तुझा,
भाऊ

१६ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. विमानात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलास आणि बघून आलास काय, तर परांची. मला हसू आवरेना. वहिनीला म्हणावं, पुढच्या वेळी याला घरी कोंडून जा, म्हणजे जाळीतूनसुद्धा काही दिसेल.

फोन करायचा असला तरी करू नकोस. शेजारच्या शिंपीणबाई आपलं मशीन बंद करून ऐकत बसतात, आणि मला त्या फोनातून खरखर सोडून काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी तू काय म्हणालास ते मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि त्यात त्यांचं स्वतःचं किती होतं देव जाणे. पत्रच बरं.

इकडे सगळं ठीक. मी सकाळी फिरायला जाते, भाजी आणते, जुन्या सवयीनं आळीतल्यांची ब्लडप्रेशरं बघते. निवृत्त झाले तरी नर्सबाई हे नाव काही सुटत नाही. तुझी भाची सकाळी सातला जाते ती सातलाच येते. हजेरी लिहायला बारा तास लागतात म्हणजे तुझ्याकडे माणसं फारच झाली असतील. तिच्या तळहातांना घट्टे पडलेत. मी तीस वर्षं दवाखान्यात रोजचे तक्ते लिहिले, मला बोटालाही घट्टा पडला नाही. हल्लीची पेनं वाईट असतील बहुतेक.

परवा कपडे वाळत घालायची दोरी तुटली, ती तिनं बांधून दिली. गाठ अशी पक्की की भिंत येईल पण दोरी सुटणार नाही.

भाऊ, एक मात्र मनापासून लिहिते. तू दुसऱ्याच्या परांचीचं कौतुक खुशाल कर, पण खालून कर. वॉर्डात परांचीवरून पडलेली माणसं मी किती बघितली त्याची मोजदाद नाही. एकदा चादर बाजूला केली आणि खाली तू होतास. तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुन्हा तसा दिवस बघायची माझ्यात ताकद नाही, हे तू विसरू नकोस.

औषधं वेळेवर घे. जून बघितलास की लिही. माया आहे तशीच आहे, उगीच वाढवून मागू नकोस.

अक्का

१७ ऑक्टोबर, गोदामातून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी वेगळं टाकते आहे. आईच्या पत्राबरोबर घातलं असतं तर तिनं पाकीट उजेडात धरून बघितलं असतं.

मनोऱ्याच्या तीन मजल्यांची परांची झाली. मुकादमांचे गुडघे पार गेले, ते खाली खुर्चीवर बसून आरडाओरडा करतात आणि बांधते मी. म्हणजे या वेळी खरीखुरी मी, मामा. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली चढले, वासे दिले, दोर ओढले, गाठी मारल्या. हे पहिलं काम, ज्याचे उभे वासे कुठे रोवायचे हेही मी ठरवलं. नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब काल येऊन वर बघत उभे राहिले. त्यांना एकही चूक काढता आली नाही, यातच सगळं आलं.

पण आईनं परवा माझा हात हातात घेऊन घट्टे बघितले आणि पेनाची चौकशी केली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामा, तिला कळलं तर माझं चढणं त्याच दिवशी बंद. ती रागावेल याची मला भीती नाही. ती रडेल, आणि मग मीच चढू शकणार नाही. खरोखरीच हजेरी लिहीत बसावं लागेल, आणि मी महिन्याभरात वेडी होईन. तेव्हा तू तिला काहीतरी पटेल असं लिही. पटेल असं, मामा. मागे तू माझ्या कपड्यांवरच्या चुन्याबद्दल सांगितलंस की गोदामात पांढऱ्या मांजरी फार झाल्यात, तसलं नको.

मामीला नमस्कार. तिला सांग की जाळी काय, आज ना उद्या निघते.

तुझा आशीर्वाद असू दे, तो जरा जास्तच लागणार आहे.

टिकली

२७ ऑक्टोबर

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पेनांबद्दलची तुझी शंका अगदी खरी. गोदामात मी एकदम डझनभर घेऊन ठेवलेली पेनं आहेत, फार जाड आणि खरखरीत. शिवाय टिकली डावखुरी, त्यामुळे दाब जास्त पडतो. आल्यावर सगळी बदलून टाकतो. माणसंही वाढली आहेत, तो तुझा अंदाजही बरोबर.

आता जून. घुमटाला परांची नाही! ही रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, चिरंजीव लाजून दुसऱ्या बाजूला बघायला लागले. आत तर काय सांगू. मान मागे टाकून बघितलं तर टोपी पडली. मला एकच प्रश्न, की वरचं रंगकाम करताना त्यांनी आतून परांची कशी उभी केली असेल? खालून उभी केली तर जंगलच्या जंगल लागेल. चिरंजीवांनी पुस्तकातून वाचून दाखवलं. रंगवणाऱ्या माणसानं भिंतीतच भोकं ठेवून त्यात वासे खुपसले आणि वरच्या वर मचाण बांधलं. ती भोकं अजून आहेत. मी ती हिला दाखवली. ही चित्रं बघत होती, मी भोकं बघत होतो. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकाच गोष्टीकडे क्वचितच बघितलंय.

घुमटावर जायला तीनशे चाळीस पायऱ्यांचा जिना आहे, आत अरुंद, गोल गोल फिरत जाणारा. ही गेली. साठी ओलांडलेली बाई, दम्याचा पंप पर्समध्ये घालून गेली. मी गेलो नाही. तुझी शपथ आहे ना. मी खाली बाकावर बसलो तेव्हा एका बाईनं मला आपला कोट धरायला दिला, मग दुसरीनं दिला, आणि मी इथला नोकरच आहे अशी सगळ्यांची समजूत होऊन मी अकरा कोट आणि एक छत्री सांभाळली. ही उतरली ती तापल्यासारखी लाल होऊन. वरून सगळं शहर दिसतं, म्हणाली, आणि माणसं मुंग्यांएवढी.

राजवाडा पुढच्या आठवड्यात. तो बुटका आहे म्हणतात.

लोभ असावा, पण चौकशा जरा कमी कराव्यात.

तुझा,
भाऊ

५ नोव्हेंबर, गोदामातून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मनोऱ्याची परांची पुरी झाली. पाच मजले. मुकादमांनी खुर्चीवरून उठून प्रत्येक वासा हलवून बघितला, ओळंबा सोडला आणि मला आपल्या पिशवीतला पेरू दिला. त्यांच्याकडून याहून मोठी पदवी नाही.

आणि आता घोटाळा ऐक. गवंडी चढत नाहीत.

चार दिवस झाले, मिस्त्री आपली सहा माणसं घेऊन येतात, मनोऱ्याखाली बसतात, चहा पितात आणि जातात. मी मुलगी म्हणून नाही, असं ते शपथेवर सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. ते आजोबांचा नियम काढून बसलेत. ज्यानं परांची बांधली त्यानं नाही, त्याच्या घरच्या माणसानं आधी टोकापर्यंत जाऊन यायचं, मग परक्या माणसानं पाय ठेवायचा. ज्याला आपल्या माणसाच्या गाठींवर भरवसा नाही, त्यानं दुसऱ्याचा जीव त्यावर टांगू नये, असं आजोबा म्हणायचे म्हणे. मुकादम बांधायचे तेव्हा त्यांचा भाऊ आधी चढायचा. आता बांधलंय मी. मुकादमांचा भाऊ तयार आहे, पण तो माझ्या घरचा नाही, आणि मिस्त्री म्हणतात, पन्नास वर्षं या नियमाच्या जोरावर आम्ही तुमच्याच परांचीवर डोळे मिटून चढलो, तो आता आमच्यासाठी मोडू नका.

माझ्या घरची माणसं चार. तू, मामी आणि तुझे चिरंजीव तिकडे, आणि चौथी आई. तिला कोणत्या तोंडानं सांगू? एक म्हणजे मी दोन वर्षं खोटं बोलले. दुसरं म्हणजे जिनं तुला चादरीखाली बघितलं तिला पाच मजले चढ म्हणू?

इंजिनिअरसाहेबांनी सोळा तारीख दिली आहे. तोवर दुरुस्ती सुरू झाली नाही तर आपली परांची उतरवून शहरातून लोखंडी नळ्या आणणार. मग मुलीची परांची रिकामीच उतरली, हे आयुष्यभर ऐकावं लागेल. फोन करायचा तर शिंपीणबाईंकडूनच करावा लागतो, आणि आई तिथे शेजारी उभी असते. मामा, तू येऊ शकशील का? नुसता वर जाऊन ये, मग परत जा.

तुझी टिकली

१३ नोव्हेंबर

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

पत्र आज सकाळी मिळालं. चहा तसाच राहिला. चिरंजीवांना कामावरून बोलावून घेतलं, त्यांनी विमानवाल्यांकडे चौकशी केली. एकोणीस तारखेच्या आधी जागा नाही. म्हणजे मी येऊनही उपयोग नाही, आणि हे पत्रही तुला सोळानंतरच मिळणार. तरी लिहितो, कारण कुणाला तरी लिहायलाच हवं.

पोरी, आज जागा मिळाली असती तरी मी चढलो नसतो. मला चढता येत नाही. पाय बरा झाल्यावर एके दिवशी, अक्का ड्युटीवर असताना, गोदामामागच्या शिडीवर चढून बघितलं. तिसऱ्या पायरीवर घामानं सदरा भिजला, आणि उतरायलाही जमेना. मुकादमांनी मला उचलून खाली ठेवलं. ते आजवर कुणाला बोलले नाहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, अक्कानं शपथ घातली आहे म्हणून चढत नाही. तिची शपथ मला फार सोयीची पडली. ती नसती तर मला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

तुला मी चढू दिलं त्यातही थोडा माझा स्वार्थ होता. तू वर गेलीस की मला मीच वर गेल्यासारखं वाटायचं. ते बरोबर नव्हतं, आणि तुझ्या आईपासून लपवलं ते तर मुळीच नाही. आता तूच तिला सांग. मी सांगणार नाही असं नाही, पण माझं पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. रडली तर रडू दे. खोटं मात्र आता पुरे.

मागच्या आठवड्यात राजवाडा बघितला. बुटका नव्हता.

तुझा मामा

१५ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी बस. वहिनीलाही बसव. मग वाच.

टिकली दोन वर्षं परांचीवर चढते आहे, हे मला दोन वर्षं ठाऊक आहे. माझ्याच दवाखान्याच्या इमारतीला रंग द्यायचा होता तेव्हा तुमची परांची लागली होती. मी तिच्याखालून जाता जाता वर बघितलं, तर अर्ध्या गाठींची टोकं उलट्या बाजूला. डाव्या हाताची गाठ. तशी गाठ माझ्या घरी कपड्यांच्या दोरीला, पिठाच्या डब्याच्या फडक्याला, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला, सगळीकडे आहे. पांढऱ्या मांजरी म्हणे! भाऊ, तू लहानपणापासून असलं खोटं बोलतोस की समोरच्यालाच लाज वाटावी.

बोलले का नाही, असं विचारशील. बोलले असते तर थांबवावं लागलं असतं. आणि थांबवलं असतं तर बाबांनी मला थांबवलं तसंच झालं असतं. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. गाठी बाबांनी आधी मला शिकवल्या. माझा हात तुझ्यापेक्षा चांगला होता. पण चढायची वेळ आली तेव्हा तू चढलास आणि मला नर्सिंगला घातलं. मी तक्रार करत नाही, मला ते काम आवडलं. पण टिकली सकाळी निघाली की मी दारात उभी राहून दोन गोष्टी एकदम म्हणायची, ही पडू नये आणि ही थांबू नये. दोन वर्षं मी रोज सात वाजेपर्यंत धड जेवले नाही. संध्याकाळी तिच्या चपला दारात वाजल्या की जीव भांड्यात पडायचा.

आता काल झालेलं सांगते. मी भाजी घेऊन येत होते. मनोऱ्याखाली मिस्त्री आणि त्यांची माणसं चहा पीत बसलेली. तीन दिवस मी हेच बघत होते. शेवटी जाऊन विचारलंच. मिस्त्री उठून उभे राहिले, खाली बघायला लागले आणि नियम सांगायला लागले. मी त्यांना म्हटलं की हा नियम तुमच्या जन्माच्या आधी आमच्या ओसरीवर झालाय, मला शिकवू नका. मग भाजीची पिशवी त्यांच्या हातात दिली, चष्म्याला मागून दोरी बांधून घेतली, पदर खोचला आणि कुठून चढायचं ते विचारलं.

टिकली तेव्हा पाचव्या मजल्यावर होती. तिनं खाली बघितलं आणि जी किंचाळली, शिंपीणबाईंचं मशीनसुद्धा थांबलं असेल.

भाऊ, मी शूर वगैरे काही नाही. पहिला मजला रागाच्या भरात चढले. दुसऱ्यावर थांबले. तू तिथूनच पडला होतास, म्हणजे तेवढ्याच उंचीवरून, ते डोक्यातून जाईना. मग मी खाली बघायचं सोडून गाठी बघायला लागले. प्रत्येक गाठीवर अंगठा दाबायचा, मग पुढचा पाय. गाठ न् गाठ चोख. अशी बँडेजं माझ्या हाताखालच्या एकाही मुलीनं कधी बांधली नाहीत. टिकली तिसऱ्या मजल्यावर उतरून आली, तिनं नुसता हात पुढे केला. मी तिचा हात धरला नाही. तिला सांगितलं की तुझा हात धरून चढले तर मिस्त्री म्हणतील लेकीनं ओढून नेली, बाजूला हो. बाजूला झाली, आणि रडत रडत माझ्यामागून आली.

वर गेल्यावर मीही रडले. भीतीनं की आनंदानं ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायचीही गरज वाटली नाही. वारा फार होता. घड्याळाचे काटे माझ्यापेक्षा उंच आहेत, हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. दवाखान्याचं छप्पर दिसलं. तीस वर्षं मी त्या छपराखाली होते. खाली मिस्त्री माझी पिशवी पोटाशी धरून वर बघत उभे होते. मी वरूनच ओरडून सांगितलं की टोमॅटो चेंगरू नका आणि कामाला लागा. लागले. सहाच्या सहा जण चढले. उतरायला मला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. शेवटचे दोन मजले मी बसून बसून उतरले, हे कुणाला सांगू नकोस.

घरी आल्यावर लेकीला जवळ घेतलं आणि मग चांगली झापली. चढण्याबद्दल नाही, खोटं बोलण्याबद्दल. तुझा हिशेब तू आल्यावर.

शपथेचं म्हणशील तर ती मी काल वरूनच सोडून दिली. मी स्वतःच मोडल्यावर तुझ्यावर कशाला लादू? आता तूही मोकळा आहेस. त्या जूनच्या घुमटावर जाऊन ये आणि वरून काय दिसतं ते लिही. कोट धरायला त्यांना दुसरं कोणीतरी मिळेल.

अक्का

३० नोव्हेंबर

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून, आणि एकदा हिला मोठ्यानं वाचून दाखवताना. तू दुसऱ्या मजल्यावर पोचलीस तिथे मी पत्र हिच्या हातात दिलं, पुढचं हिनं वाचलं. वाचून झाल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की आता शपथही सुटली, लोकांना काय सांगणार?

कारण हिलाही माहीत होतं. मी सहा वर्षांत फळीवरचा एक डबा काढलेला नाही, दिवा बदललेला नाही, गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. हे तिच्या लक्षात येणार नाही असं मला वाटत होतं, म्हणजे माझी अक्कल बघ. तुलाही आता सांगतो. टिकलीला हे आधीच लिहिलंय, तिनं अजून तोंड उघडलं नसेल तर शहाणी आहे. अक्का, मी तुझ्या शपथेमुळे खाली राहिलो नाही. मी घाबरतो. पडलो त्या दिवसापासून घाबरतो. शपथ घालून तू मला वाचवलंस असं तुला वाटलं, आणि मी ते तुला वाटू दिलं. तू मात्र सात वाजेपर्यंत उपाशी राहून आपली भीती रोज गिळलीस, वर पोरीला जाऊ दिलंस. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

तरी काल जूनला परत गेलो. ही पुढे, मी मागे. साठ पायऱ्या चढलो. एकसष्टाव्या पायरीवर एक झरोका आहे, त्यातून बाहेरचं छप्पर दिसलं आणि मी खाली बसलो. जिना एका माणसापुरता रुंद, माझ्यामागे चाळीस प्रवासी, जगभरातले. सगळे अडकले. ही उलटी वळून त्या सगळ्यांना मराठीत समजावून सांगायला लागली की हे सहा वर्षांपूर्वी पडले होते, जरा दम धरा. आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी दम धरला. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे एक वळण आहे, तिथून खाली जायची वेगळी वाट निघते. त्या वाटेनं मी उतरलो. वरून काय दिसतं ते मला माहीत नाही. झरोक्यातून दिसलं ते एवढंच, एक कबूतर आणि दोन कौलं.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. आम्ही वीस डिसेंबरला पोचतो. मनोऱ्याचं काम त्याआधी संपेल आणि परांची उतरवायची वेळ येईल. ती उतरवू नका. इंजिनिअरसाहेबांना काहीही सांगा. खोटं बोलण्यात आपल्या घराचा हात कोणी धरणार नाही. टिकलीनं बांधलेली पहिली परांची आहे, आणि तिच्या घरचं आणखी एक माणूस चढायचं राहिलंय. वीस तारखेला सकाळी मी थेट तिथे येतो. तू पुढे हो, मी मागून येतो, गाठीला अंगठा लावत लावत. किती मजले जमतील माहीत नाही. मध्येच बसलो तर रागावू नकोस, वर बोलावू नकोस, तू नुसती थांब.

आजवर तुझा लोभ मी खालूनच घेतला. थोडा वर येऊन घेईन म्हणतो.

तुझा,
भाऊ